महाराज रागावायचे, तेही छापा

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि लीळाचरित्राला, म्हणजे महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींबद्दल त्यांच्या शिष्यांनी सांगितलेल्या आठवणींच्या ग्रंथाला, बरे दिवस आले. व्यासपीठ कुठलंही असो, मराठीतला पहिला गद्यग्रंथ म्हणून त्याचं नाव निघतं, टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाल्यामुळे महानुभाव हे नावही वर्तमानपत्रांत पुन्हा दिसू लागलं. चांगलंच झालं. पण त्यापाठोपाठ जो वाद रंगलाय, तो दोन्हीकडून फार ढिसाळपणे घातला जातोय. एक गट म्हणतो, ही भाबड्या शिष्यांनी ओवाळलेली गुरूची आरती. भाषेचा नमुना म्हणून ठेवा, इतिहास म्हणून तिला दमडीची किंमत नाही. दुसरा गट म्हणतो, हे आमचं श्रद्धास्थान, यातला शब्द न् शब्द खरा. आणि जो शब्द आम्हाला पटत नाही, तो मुळात त्यात नव्हताच, कुणीतरी घुसडलाय. गंमत अशी की हाच वाद शिर्डीबद्दल चालतो, शेगावबद्दल चालतो आणि गल्लीतल्या मठात गुरुपौर्णिमेला निघणाऱ्या ‘सहवासातल्या आठवणीं’च्या पुस्तिकेबद्दलही चालतो. माणसं बदलतात, वाक्यं तीच.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गुरूच्या सहवासात राहिलेल्या माणसाची आठवण ही साक्ष आहे. साक्षीदार आरोपीचा भाऊ निघाला म्हणून कोर्ट त्याची जबानी फाडून टाकत नाही, त्याची उलटतपासणी घेतं. आणि या साक्षीला शिष्याच्या अतिशयोक्तीपासून फारसा धोका नाहीच. शिष्याने दोनाचे चार केले तर वाचणाऱ्याला ते कळतं. कुणी भिंत चालवली असं आलं की आपण तिथे अडखळतोच. पण समितीने, विश्वस्तांनी किंवा पुढच्या पिढीतल्या एखाद्या सोवळ्या संपादकाने चार वाक्यं उडवली, तर ती होती हे कळायलाही मार्ग उरत नाही. घातलेली भर दिसते, वगळलेलं दिसत नाही. तेव्हा ज्यांना चमत्कारांची चीड आहे त्यांनी आपला राग जरा या कात्रीकडे वळवावा. आणि ज्यांना गुरूची अब्रू जपायची आहे, त्यांनी ती कात्री आधी खाली ठेवावी.

लीळाचरित्र कसं तयार झालं ते बघा. चक्रधरस्वामी उत्तरेकडे निघून गेले होते, त्यांचे गुरू, रिद्धपूरचे गोविंदप्रभूही गेले. मागे राहिलेले शिष्य नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास, स्वामींचे एकेक प्रसंग मनाशी आठवत बसत. म्हाइंभटाने ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात सरळ प्रश्न आला: यांच्यामागे हे सांगणार कोण? भटोबासांचा होकार मिळाला आणि हा शास्त्री माणूस आठवणी गोळा करायला लागला. भटोबासांकडून तर घेतल्याच. शिवाय स्वामींचा सहवास लाभलेल्या ज्या बाया-पुरुषांपर्यंत पोचता येईल त्यांच्यापर्यंत तो पोचला. काळ तेराव्या शतकाच्या अखेरीचा, ज्ञानेश्वरीच्या आगेमागे. नंतर धाडीत मूळ पोथी गेली, असं पंथाची परंपरा सांगते. मग ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी ती पुन्हा उभी केली. हिराइसांचं नाव त्यात ठळक. साहजिकच पाठ वेगवेगळे झाले. आणि पोथ्या उतरवणाऱ्यांनी ते वेगळेपण पुसून टाकलं नाही. एकाच प्रसंगाची अमक्याची वासना (म्हणजे त्याच्या आठवणीतला पाठ) अशी, तमक्याची तशी, म्हणून दोन्ही टिपून ठेवल्या. अक्षर अक्षर बोरूने उतरवायचं होतं त्या काळात, दुसऱ्याची न जुळणारी आठवण लिहिण्याचे कष्ट त्यांनी घेतले. आज स्मरणिका काढताना दोन भक्तांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर संपादक एक ठेवतो, दुसरी निमूट काढून टाकतो. वर ‘जागेअभावी’ असं म्हणायलाही मोकळा.

आणि त्यांनी जपलं काय काय? गोविंदप्रभूंना परमेश्वराचा अवतार मानणाऱ्या शिष्यांनीच लिहून ठेवलंय की गावातले लोक त्यांना ‘राउळ वेडे, राउळ पिसे’ म्हणत. कुणाच्याही घरात शिरावं, चुलीपाशी हाताला लागेल ते तोंडात टाकावं, देवळातल्या मूर्तींशी खेळावं, मनात येईल त्याच्यावर ‘मेला जाए’ म्हणून खेकसावं, असे प्रसंगामागून प्रसंग आहेत. त्याच गावाने त्यांना ‘राउळ माए, राउळ बाप’ म्हटलं, तेही आहे. गुरूची नुसती जाहिरात करायची असती तर पहिलं वाक्य कुणी ठेवलं असतं का? चक्रधरांच्या शिष्यांनीही स्वतःच्या फजित्या सांगितल्या, खाल्लेली बोलणी सांगितली, एकमेकांवरचे रुसवेफुगवे सांगितले. महदाइसा सतत काही ना काही विचारत राहायची आणि स्वामी ‘म्हातारी’ म्हणून तिच्या या चौकसपणाचं कौतुक करायचे, हे आपल्याला ठाऊक आहे ते कुणीतरी ती घरगुती वाटणारी बोलणी सांगण्याजोगी मानली म्हणून. बाईच्या पाळीचा विटाळ मानायचं कारण नाही, शरीरातून जसे इतर मळ जातात तसाच तो, हे तेराव्या शतकातलं बोलणं आपल्यापर्यंत आलं तेही असंच. सोवळ्या संपादकाच्या हाती ते लागलं असतं तर ‘विषयाला सोडून’ म्हणून पहिल्याच फेरीत गळालं असतं.

स्थानपोथी तर याच्याही पुढे जाते. स्वामी जिथे जिथे राहिले तिथलं देऊळ कुठल्या तोंडाचं, गोसावी, म्हणजे स्वामीच, बसत ती जागा कुठे, इतकंच नाही तर परिश्रयाचा ठाव, म्हणजे लघवीला बसण्याची जागा कुठे, याच्याही नोंदी त्यात आहेत. हसू येईल, येऊ द्या. पण यादवकाळातल्या गावांचा हा असा तपशील राजांच्या ताम्रपटांत सापडत नाही. तिथे राजाची बिरुदं असतात, दान घेणाऱ्याचं गोत्र असतं, फार तर गावाची चतुःसीमा असते. देवळाच्या कुठल्या अंगाला आडोसा होता, हे लक्षात ठेवायला माणसावर जीव जडलेला असावा लागतो. तटस्थ माणूस तिकडे बघणारच नाही. आपण पक्षपात म्हणून ज्याला नाकं मुरडतो, त्याच पक्षपातापायी ही माहिती टिकली.

आता बुद्धिवादी मित्रांचा मुद्दा घेऊ, कारण तो हलका नाही. शिष्य तटस्थ नसतो. तो ज्या काळाबद्दल सांगतो आणि ज्या काळात सांगतो, त्यांच्यामध्ये बरीच वर्षं गेलेली असतात. दरम्यान गुरूची समाधी होते, तिच्यावर कळस चढतो, आणि आठवण हळूहळू त्या कळसाच्या मापाची होत जाते. शिवाय शिष्याचा स्वतःचा मानही त्यात अडकलेला: महाराज मोठे, म्हणून महाराजांनी ज्याला जवळ केलं तो मीही मोठा. हे सगळं मान्य. पण मान्य करून पुढे काय करायचं? सॉक्रेटिसने स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही. प्लेटो आणि झेनोफन हे दोन शिष्य वगळले आणि अॅरिस्टोफेनीसने नाटकात उडवलेली टर वगळली, तर त्याचं आपल्या हाती काय उरतं? प्लेटोचा सॉक्रेटिस आणि झेनोफनचा सॉक्रेटिस सारखे नाहीत. एक आकाशाएवढ्या प्रश्नांना हात घालतो, दुसरा बराचसा व्यवहारी सल्ले देणारा शहाणा गृहस्थ वाटतो. अभ्यासकांनी म्हणून दोघांना केराची टोपली दाखवली का? सॉक्रेटिसने विषाचा पेला घेतला त्या दिवसाचं वर्णन करताना प्लेटो तिथे हजर असलेल्यांची नावं देतो आणि स्वतःबद्दल एका पात्राच्या तोंडून सांगतो की प्लेटो बहुधा आजारी होता. ‘मी तिथे नव्हतो’ हे जो लिहून ठेवतो, त्याला भाबडा म्हणून निकालात काढणं हीच जरा घाई नाही का?

शिष्याची आठवण वाचताना एक साधी रेघ आखून घ्यावी: हे त्याने पाहिलं की ऐकलं? नीट सांगणारा शिष्य ही रेघ स्वतःच आखून देतो. गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, यांनी साईसच्चरिताच्या पहिल्याच अध्यायात सांगितलेला प्रसंग बहुतेक मराठी घरांना माहीत आहे. सकाळी ते मशिदीत गेले. बाबांनी पोतं अंथरलं, त्यावर जातं मांडलं, सुपात गहू घेतले, कफनीच्या बाह्या वर सारल्या, खुंटा ठोकला आणि दळायला बसले. गावभर बातमी पसरली. चार बायका धावत आल्या, बाबांच्या हातातला खुंटा जवळजवळ हिसकावून घेतला, गाणी म्हणत दळण संपवलं आणि या फकिराला कुठलं घरदार, कुठला संसार, पीठ आपल्यालाच देणार, असं म्हणून पिठाच्या चार वाटण्याही करून टाकल्या. बाबा भडकले, त्यांना नाही नाही ते बोलले आणि पीठ गावाच्या शिवेवर नेऊन टाकायला लावलं. इथपर्यंत दाभोळकरांनी डोळ्यांनी पाहिलेलं. मग ते गावकऱ्यांना विचारतात, हे काय चाललंय? गावात महामारी, म्हणजे पटकी, आली होती, तिचा हा उपाय, असं लोक सांगतात. दाभोळकर भक्त आहेत, महामारी पिठाने हटली यावर त्यांचा विश्वासही बसतो. पण आपण काय पाहिलं आणि आपल्याला काय सांगण्यात आलं, याची सरमिसळ ते करत नाहीत. तुमचा पटकीच्या उपायावर विश्वास नसला तर नसू दे. पोतं, सूप, खुंटा, वाटण्या करणाऱ्या बायका आणि संतापलेला फकीर, हे सगळं तरीही शाबूत राहतं. टीव्हीवरच्या मालिकांत मात्र बाबा सदैव मंद हसत, हात वर करून उभे असतात. चमत्कार तिथे दसपट वाढलेत. कमी झालाय तो फक्त राग.

ही रेघ न आखल्यामुळे काय होतं, ते जानेवारी २०२० मध्ये आपण पाहिलं. तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली आणि शिर्डीकरांनी गाव बंद ठेवलं. दोन्हीकडून शिष्यांच्या आठवणींचे दाखले पुढे आले. पण बाबांच्या जन्माला शिर्डीतलं कोण हजर होतं? त्यांच्याभोवतीची सगळी मंडळी ते शिर्डीत आल्यानंतरची. जन्मगावाबद्दल त्यांचं सांगणं म्हणजे फार तर बाबा कधीतरी काय बोलले याची ऐकीव नोंद, आणि बाबा आपल्या पूर्वायुष्याबद्दल सरळ उत्तर देणाऱ्यांपैकी नव्हते. जे शिष्यांना ठाऊक असणंच शक्य नव्हतं ते त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं, आणि जे त्यांनी रोज पाहिलं त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, अशी ती सगळी चर्चा होती.

रोज काय पाहिलं, हे ज्यांना हवंय त्यांनी अमरावतीचे वकील, टिळकांचे निकटचे सहकारी गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांची रोजनिशी वाचावी. १९११ च्या डिसेंबरपासून पुढे काही महिने ते शिर्डीत होते. रोजनिशी बरीचशी रुक्ष आहे. उठलो, प्रार्थना केली, बाबा बाहेर जाताना दिसले, परत मशिदीत येताना दिसले, आरती झाली, अमके आले, तमके गेले. भक्ताच्या दृष्टीने यात रस नाही, टीकाकाराच्या दृष्टीने मसाला नाही. पण वीस-पंचवीस वर्षांनंतर कुणी रंगवून सांगितलेली आठवण घासून बघायची असेल, तर असा दगड दुसरा नाही. पुढे १९३६ च्या सुमारास सालेमचे माजी वकील नरसिंहस्वामी यांनी शिर्डीच्या भक्तांच्या रीतसर जबान्या घेतल्या, त्याही तेवढ्याच मोलाच्या. वकिली अंगवळणी पडलेला माणूस आठवणी टिपायला बसला की काय फरक पडतो, ते त्यात दिसतं. आणि तिसरा साक्षीदार अब्दुल. नांदेडकडून आलेला हा फकीर बाबांची सेवा करायचा, दिवे लावायचा, झाडलोट करायचा, आणि बाबांचं बोलणं एका वहीत उर्दूत टिपून ठेवायचा. साईसच्चरितात अब्दुल जेमतेम दिसतो. दाभोळकरांनी मुद्दाम कात्री लावली असं मी म्हणणार नाही. ते मुंबईकडचे मॅजिस्ट्रेट, त्यांचा गोतावळा वेगळा, आणि माणूस आपल्या पंगतीतलंच आठवतो. पण एकाच पंगतीची आठवण म्हणजे गुरूचं संपूर्ण चरित्र, असं ज्या दिवशी ठरतं त्या दिवशी अब्दुलची वही परकी होते.

चमत्कारांबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ते शे-दोनशे वर्षांनी चिकटतात, प्रत्यक्ष शिष्यांच्या आठवणी मात्र स्वच्छ असतात, असं आपण सोयीने मानतो. तसं नसतं. बहिणाबाई तुकोबांच्या हयातीत देहूला गेली, तिथे राहिली, आणि वह्या तेरा दिवस पाण्यात राहूनही वाचल्याचा उल्लेख तिच्या अभंगांत आहेच. चमत्कार पहिल्या पिढीतच जन्माला येतो. पण मंबाजीने तिच्या कुटुंबाला दिलेला जाच तिने सांगितला तो अंगावर झेललेला होता. आणि एका ब्राह्मण घरातल्या बाईने वाण्याचा धंदा करणाऱ्या कुणब्याला गुरू केल्यावर तिच्या घरात काय वादळ उठलं, हे तिच्याशिवाय कोण सांगणार होतं? वह्यांवर विश्वास नाही म्हणून मंबाजीही नाकारायचा का?

आता कात्रीबद्दल. काही वर्षांपूर्वी एका मठाच्या शताब्दी स्मरणिकेचं मुद्रितशोधन माझ्याकडे आलं होतं. त्यात ऐंशीच्या घरातल्या एका आजींची आठवण होती. महाराजांना मधुमेह होता, डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं, आणि महाराज दुपारी सगळे आडवे झाले की स्वयंपाकघरात येऊन फडताळातल्या डब्यातून रव्याचा लाडू पळवायचे. एकदा आजींनी त्यांना रंगेहाथ पकडलं तर महाराज असे काही तडकले की दोन दिवस आजींच्या हातचं पाणी प्यायले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच येऊन म्हणाले, ‘आक्का, चूक माझी होती, पण तू डबा जरा वर ठेवत जा ना.’ संपूर्ण स्मरणिकेत महाराज जिवंत वाटले ते या एवढ्याच जागी. अंतिम प्रुफात तो मजकूर नव्हता. ‘महाराजांना शोभत नाही,’ असा निरोप आला. त्याच पानावर महाराजांनी दृष्टिक्षेपाने कुणाचा तरी ताप उतरवल्याची गोष्ट मात्र होती, ती शोभत होती. आता उद्याचा अभ्यासक ही स्मरणिका हातात घेईल आणि म्हणेल, शिष्य नुसते चमत्कार सांगतात. आजींनी काय सांगितलं होतं, हे त्याला कोण सांगणार?

कात्री लावून अब्रू वाचते, हाही भ्रमच. महेंद्रनाथ गुप्त १८८२ पासून रामकृष्णांकडे जायला लागले. घरी आल्यावर ते तारीख, तिथी, वार, कोण कुठे बसलं होतं, सगळं टिपून ठेवायचे. त्यावरून त्यांचं बंगाली कथामृत पाच भागांत आलं, पहिला १९०२ मध्ये आणि शेवटचा १९३२ मध्ये. १९४२ च्या इंग्रजी भाषांतराच्या प्रस्तावनेत अनुवादक स्वामींनी प्रांजळपणे सांगितलं की इंग्रजी वाचकांना विशेष रस वाटणार नाही अशी थोडी पानं वगळली आहेत. हेतू चांगलाच असणार. पण अर्धशतकानंतर, १९९० च्या दशकात, नेमक्या त्या वगळलेल्या आणि सौम्य केलेल्या जागांवरून अमेरिकेपासून कोलकात्यापर्यंत जो गदारोळ उठला, तो शमायला वर्षं लागली. मूळ बंगालीत ते सगळं उघड्यावर होतं, पिढ्यान् पिढ्या लोक वाचत होते, कुणाला धक्का बसला नव्हता. धक्का बसला तो झाकण्याचा. झाकलं म्हणजे काहीतरी भयंकरच असणार, असा संशय येतो, आणि संशयाला मग काहीही खायला चालतं.

सगळ्यात जड आक्षेप वेगळाच आहे आणि तो भक्तांनी नीट ऐकावा. लोक म्हणतात, गुरूच्या नावाखाली या देशात काय काय झालंय ते आपण पाहतोय. मुलींवर अत्याचार, पैशांची लूट, दहशत. अशा वेळी शिष्यांच्या गोड आठवणींची पुस्तकं म्हणजे पांघरूण. या आक्षेपातली आच खरी आहे. पण जरा आठवा, ते पांघरूण ओढलं कुणी? हरियाणातल्या सिरसाच्या डेरा सच्चा सौदाबद्दल २००२ मध्ये पंतप्रधानांना निनावी पत्र लिहिलं ते डेऱ्यातल्याच एका साध्वीने. ते छापणारे पत्रकार रामचंद्र छत्रपती यांना त्याच वर्षी गोळ्या घातल्या गेल्या, आणि डेऱ्याचा प्रमुख बाबा राम रहीम याला शिक्षा व्हायला २०१७ उजाडलं. आसारामला २०१८ मध्ये जोधपूरच्या कोर्टाने दोषी ठरवलं ते ज्या मुलीच्या साक्षीवर, तिचं सगळं घर त्याच्या भक्तांचं होतं. बंद दाराआड काय चालतं हे आतल्याच माणसाला ठाऊक असतं. शिष्याची आठवण तत्त्वतःच निरुपयोगी असं एकदा म्हटलं, की बचावाच्या वकिलाचं अर्धं काम तुम्ही करून ठेवलंत. तोही हेच म्हणणार, ही कालपर्यंत पायावर डोकं ठेवत होती, आज हिचं काय ऐकायचं! तेव्हा गोड आठवणी बंद करून उपयोग नाही. कडू आठवणी सांगणाऱ्याला त्याच पुस्तकात, तेवढीच जागा हवी. जो आश्रम सोडून गेला त्याचीही. ज्या परंपरेला हे पेलत नाही, तिच्या गोड आठवणींबद्दलही वाचकाने सावध असावं, एवढं मी बुद्धिवाद्यांना खुशाल देऊन टाकतो.

उरले भक्त. त्यांचं म्हणणं असं की हा आमचा जिवंत ठेवा आहे, संग्रहालयातली वस्तू नाही. अधिकार नसलेल्याने वाचलं की तो त्याची टवाळी करतो. महानुभावांच्या तोंडी हे म्हणणं पोकळ नाही. त्यांनी छळ सोसला, आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकं सांभाळल्या, आणि विसाव्या शतकात बाहेरच्या विद्वानांनी त्या लिप्या उलगडून पोथ्या छापल्या. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं लीळाचरित्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये काढलं तेव्हा, यातल्या काही लीळा स्वामींची विटंबना करणाऱ्या आहेत, प्रक्षिप्त आहेत, म्हणून पंथातून मोठा आक्षेप आला. ज्यांनी सातशे वर्षं पोथी सांभाळली त्यांना विचारात न घेता ती छापायची का, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्यावर उपाय काय? बंदी? पानं फाडणं? पंथाच्या स्वतःच्या रिवाजातच त्याचं उत्तर आहे. एका वासनेत हा प्रसंग असा येतो, पंथ तो मानत नाही, न मानण्याची कारणं ही, असं त्याच पानावर, त्याच टायपात छापावं. म्हाइंभटानंतरच्या पोथीलेखकांनी जे केलं ते करायला आजच्या संपादकाला आणि आजच्या महंतांना संकोच का वाटावा?

याहून जुना दाखला हवा असेल तर राजगृहाला चला. बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर पहिली संगीती, म्हणजे त्यांचे बोल एकत्र म्हणून पक्के करणारी भिक्षूंची सभा, भरली, अध्यक्ष महाकाश्यप. पंचवीस वर्षं बुद्धांच्या सावलीसारखा वावरलेला आनंद ऐकलेलं सांगत होता. त्याने सांगितलं, संघाला वाटलं तर बारीकसारीक नियम काढून टाका, असं भगवान म्हणाले होते. बारीकसारीक म्हणजे कुठले? आनंदाने ते विचारलंच नव्हतं. थेरांनी, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंनी, त्याला त्याबद्दल बोल लावला, आणि विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथात, तो बोलही नोंदलेला आहे, आनंदाचं उत्तरही. संगायन पुरं झाल्यावर पुराण नावाचा एक भिक्षू दक्षिणागिरीकडून आला. थेर म्हणाले, धम्म आणि विनय यांचं संगायन झालंय, ते तू मान्य कर. पुराण म्हणाला, थेरांनी संगायन उत्तमच केलंय, पण मी भगवंतांच्या तोंडून जसं ऐकलं तसंच ध्यानात ठेवीन. बस, एवढंच. त्याला कुणी संघाबाहेर काढल्याची नोंद नाही. पाचशे भिक्षूंनी एकमताने ठरवलेल्या पाठाच्या शेजारी, तो न मानणाऱ्या एका भिक्षूचं वाक्य, ज्यांना त्याने नकार दिला त्यांच्याच परंपरेने जपलं. यामुळे धम्म बुडाला का?

अधिकाराचं म्हणाल तर भटोबासांपेक्षा अधिकारी कोण? पंथातले पंडित केशिराज यांनी संस्कृतात ग्रंथरचना सुरू केली तेव्हा भटोबासांनीच त्यांना अडवलं. कारण सरळ होतं, असं केलंत तर स्वामींचा साधासुधा परिवार वंचित राहील. ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक होतं, त्याला दार बंद करावंसं वाटलं नाही.

आणि हे काम फार काळ थांबणारं नाही. मुंबईत खेतवाडीतल्या एका छोट्या माळ्यावर निसर्गदत्त महाराज मराठीत बोलायचे. १९७३ मध्ये ते बोलणं इंग्रजी पुस्तकातून जगभर गेलं, १९८१ मध्ये महाराज गेले. तिथे विशीत जाऊन बसलेली माणसं आज साठी ओलांडून सत्तरीच्या घरात आहेत. वऱ्हाडात, कोकणात, बेळगावकडे, अशा कितीतरी लहान-मोठ्या गुरूंचे शेवटचे सोबती आज गाठीभेटीच्या अंतरावर आहेत. त्यांच्याकडे जाणाऱ्याने चमत्कार विचारू नयेत. ते न विचारताही सांगतील. महाराज काय जेवायचे, पैसे कोण सांभाळायचं, कुणावर डाफरायचे, बायकांना कुठे बसवायचे, कुणाला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, तुम्हाला त्यांचं काय पटलं नव्हतं, आणि ते बोलून दाखवायची तुमची हिंमत झाली होती का, हे विचारावं. पुस्तक काढताना भाषा सुधारायची तर सुधारा, पण मूळ ध्वनिमुद्रण पुसू नका. एक प्रत मठात आणि एक मठाबाहेर ठेवा. मठाच्या जुन्या वहीत वर्गणीदारांची यादी असते. मधूनच ज्यांची नावं गळाली आहेत, त्यांचे पत्तेही त्याच यादीत सापडतील. एखादी फेरी त्यांच्याकडेही मारा.